क म्हणजे आमचा नंदू

२४ ऑगस्ट, रविवार

क केलं त्याला. चोवीस वर्षांचा पोरगा माझा, दारातून आत येताना मान वाकवून यायचा, आणि पुस्तकात नुसता क. मागे काही नाही, पुढे काही नाही. मेधा म्हणते, वहिनी, इंग्रजीत ते के आहे. जसं काही के म्हटलं की माझ्या जिवाला गार वाटणार आहे.

परकीने केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. ही ह्यांची सख्खी धाकटी बहीण. ह्याच घरात माझ्या हातच्या पोळ्या खाऊन कायदा शिकली, आता इंदूरला पोरांना शिकवते. मानवाधिकार. कायद्याचं राज्य. पोलीस थाण्यात मेलेल्या लोकांवर मोठं पुस्तक लिहीत होती. सुरू केलं तेव्हा आपल्या घरचं कोणी त्यात नव्हतं. मग नंदू त्यात गेला.

आज घेऊन आली ते. लाल कव्हर. देवापुढे ठेवलं, कुंकू लावलं. मी म्हटलं वाच, माझं कुठे आहे ते वाच. एकेक ओळ मराठीत करून सांगायला लागली. "मध्य भारतातलं एक मध्यम शहर." मी म्हटलं हे कुठलं गं? म्हणते, आपलंच. महाकाळाच्या गावाला मध्यम शहर! देवास गेटच्या दुकानात मोबाइल रिपेर करायचा नंदू, तो झाला कुशल कामगार. माझे टिफिन झाले लहान घरगुती व्यवसाय. आणि एका चोरीच्या गाडीचं विचारायचंय म्हणून संध्याकाळी नेलेला पोरगा सकाळी मेलेला निघाला, तो क.

कोण रडलं, कोण थाण्यात बसून राहिलं, सगळं आहे त्यात. माझंच बोलणं आहे. फक्त आम्ही नाही.

ती गेल्यावर भांडी घासली. काही वाटलं नाही. पुस्तक अजून देवापुढेच आहे.

२५ ऑगस्ट, सोम.

गिलकीची भाजी, पोळी, पातळ वरण. मीठ दोनदा पडलं. कोचिंगच्या पोरांनी टिफिन रिकामे करून पाठवले, एक अक्षर नाही. पूर्वी मिरची जास्त पडली की "आंटी, फायर ब्रिगेड बुला लूँ?" म्हणून फोन करायची. नंदू गेल्यापासून एकानेही तक्रार केलेली नाही. नको मला असली दया.

२७ ऑगस्ट, बुध.

गणपती. आपल्याकडे नाही. समोरच्यांचा ढोल सकाळपासून. हे टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघत होते. आजकाल तसेच बघतात.

मेधाचा फोन आला, मोदक केले का विचारायला. मी म्हटलं मोदकाचं सोड, नाव कधी घालतेस.

"वहिनी, नाव बदलणं हा आमच्या कामात नियमच आहे. जो बोलतो त्याला पुढे त्रास नको म्हणून. तुम्ही सही केली होती."

केली होती. रेकॉर्डिंगच्या आधी तिने कागद वाचून दाखवला होता. नाव गुप्त ठेवले जाईल. मला वाटलं माझं. माझं ठेव ना गुप्त, मला कोण विचारतं. गेलेल्या माणसाचं नाव गुप्त ठेवतात हे मला काय माहीत! त्याला आता कसला त्रास व्हायचाय? तसं विचारलं तिला. मग म्हणाली, रेंज जातेय वाटतं.

रेंज चांगली होती.

२९ ऑगस्ट, शुक्र.

पुस्तक उघडून बसले दुपारी. शाळा चौथीपर्यंत, ती पण अर्धी. इंग्रजी अक्षरं पाट्यांवरून आणि पुड्यांवरून शिकलेली, बोट ठेवून ठेवून लागतात. अगदी सुरुवातीला एक पान आहे ते नावांचंच आहे, हे न वाचताही कळतं, दर चार शब्दांनी मोठं अक्षर. मेधाच्या सरांचं नाव लागलं. तिच्या नवऱ्याचं, निखिलचं लागलं. त्याच्या खाली लिहिलंय बिस्किट.

म्हटलं इथे बिस्किट कुठून आलं. पण तो शब्द मी चुकायची नाही, चहाबरोबर रोज बघते. मग आठवलं. तिचा कुत्रा.

हे आल्यावर विचारलं, हे पान कसलं हो. चष्मा लावून बघितलं. म्हणाले, आभाराचं.

कुत्र्याचे आभार. नावासकट.

३१ ऑगस्ट, रवि.

दाल-बाफले. नवीन एक पोरगा लागलाय टिफिनला, रतलामकडचा. पैसे द्यायला आला, घरात डोकावून म्हणतो, आंटी, आपके बच्चे कितने?

एक.

नाम?

नंदकिशोर.

क्या करते हैं भैया?

मोबाइल ठीक करता है, म्हटलं. करता है. तोंडातून गेलं. तो "अच्छा अच्छा" म्हणाला आणि गेला. दुरुस्त करायला मी मागे धावले नाही.

२ सप्टें., मंगळ.

चौकशीचं विचारायला गेले. दर महिन्यात जाते. मॅजिस्ट्रेट साहेबांची चौकशी चालू आहे, रिपोर्ट आला की कळवू, हे पहिल्या दिवसापासून. बाबू म्हणाला, "प्रक्रिया में है माताजी।"

मी म्हटलं, पिछली बार भी प्रक्रिया में था. ये प्रक्रिया क्या कुआँ है, जो गिरा सो गिरा?

"आप समझो ना."

समजते.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं तुमची बहीण आहे, तुम्ही बोला. म्हणाले, ती तिच्या जागी बरोबर आहे. मी म्हटलं आणि मी? म्हणाले, तूही. असं आहे ह्यांचं. दोघी बरोबर, मग चुकलं कोण, मेला तो? चहा ठेवला होता. त्यांनी हात लावला नाही. दोन्ही कप मीच प्यायले.

नंदूचं नाव ह्यांनी तेव्हापासून तोंडातून काढलेलं नाही. 'त्याचं', 'त्याला', 'तेव्हा'. तेवढ्यावर भागवतात.

४ सप्टें., गुरु.

मे. आली, न सांगता. कॉलेज सुटल्यावर तशीच बस धरून. ओट्याशी खाली बसली. मी लसूण सोलत होते, तिने पण हात घातला. प्रोफेसर झाली, पण लसूण अजून येत नाही, सालाबरोबर अर्धी पाकळी फेकते.

म्हणाली, "वहिनी, नंदूचं नाव छापलं की थाणं कळतं. दिवस कळतो. मग त्या रात्री आत आणखी कोण होतं, तेही कळतं."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. रफीक. भैरवगढचा, कापडावर ठप्पे मारतो. दुसऱ्याच कसल्या भानगडीत त्या रात्री तो पण आत होता. त्याने जे बघितलं ते मे.ला सांगितलं, बाकी कोणाला नाही, मॅजिस्ट्रेटला पण नाही. पुस्तकात तो ख.

मी म्हटलं बरं, तो ख. आणि तू? तू आत्या आहेस ते कुठे आहे?

तेही नाही.

"आत्या म्हणून लिहिलं असतं तर म्हणाले असते घरचं दुःख आहे, तोलून लिहिलेलं नाही. सरांना माहीत आहे, पण पुस्तकात नाही. मग बाकीच्यांचं पण कोणी खरं धरलं नसतं. बाकीच्यांना पण आया आहेत, वहिनी."

आहेत. मला काय माहीत नाही का.

रडायला लागली. मी लसणाची ताटली तिच्या पुढून सरकवली, ओली होत होती. मला रडू येत नाही हे बघून तिला अजून रडू आलं. आता तिच्यासाठी मी कुठून आणू?

जाताना म्हणाली, पुस्तक हिंदीत पण निघतंय. महिन्याच्या शेवटी छापायला जाणार. इथले वकील वाचतील, इथले लोक वाचतील. म्हणजे थाण्यातले पण. म्हणून तर जास्त जपायचं, म्हणते.

डबा दिला बांधून. भांडण वेगळं, डबा वेगळा.

६ सप्टें., शनि.

फोन पडला, काच गेली. देवास गेटला त्याच दुकानात गेले, दुसरीकडे जायला पाय वळत नाही. मालक खुर्ची देत होता. मी नंदूच्या स्टुलावर बसले. त्यावर आता कोणी नवीन बसतो, उशी आणलीय त्याने घरून.

नवीन पोरगा स्क्रू शोधत होता, शोधत होता. मालक त्याला म्हणाला, "नंदू भिया होते तो अब तक आंटी घर पहुँच जातीं।"

चांगला आहे मालक. नाव घेतो.

८ सप्टें., सोम.

पितृपक्ष लागला. गेल्या वर्षी वर्षाच्या आत होतं म्हणून नंदूचं घेतलं नव्हतं. ह्या वर्षी पहिल्यांदा. हे रजा घेऊन आले, दोघं सिद्धवटावर गेलो दिवस विचारायला. गर्दी. वडाखाली माणसं, तिकडे खाली नदीवर माणसं, पिंड, कुत्री, कावळे.

पंडितजी म्हातारे, कान कमी. म्हणाले, नाम बोलो.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे बोलले. "नंदकिशोर।" पंडितजींना ऐकू आलं नाही. पुन्हा बोलले, मोठ्याने. "नंदकिशोर।" शेजारच्या पाटावरचे लोक बघायला लागले इतक्या मोठ्याने.

मी नदीकडे बघत राहिले.

गोत्र सांगितलं. मग पंडितजींनी विचारलं, "कैसे गए?"

हे पाट सरळ करायला लागले. पंडितजी म्हणाले, "भाई, बताना पड़ेगा। जो अपनी मौत गया उसका अपनी तिथि पे होता है। जो मार से गया, हथियार से, हादसे से, उसका चौदस पे। बच्चा कुँवारा था?"

हो, कुँवारा था. हे लगेच म्हणाले. "तो पंचमी भी चलती है", पंडितजी म्हणाले. ह्यांना एकदम सुटल्यासारखं झालं, पंचमी, पंचमी लिख लो. पंचमीला कोणी विचारत नाही ना, कसा गेला.

मी म्हटलं, चौदस.

पंडितजी माझ्याकडे वळले. "बहनजी, कागज में क्या लिखा है?"

कागज में हार्ट लिखा है, म्हटलं.

"तो घर में सलाह कर लो। चौदस सोच के बोलना। संकल्प में झूठ नहीं चलता।"

तेवढी एक जागा सापडली उज्जैनात, जिथे झूठ चालत नाही.

परत येताना रिक्षात दोघं दोन टोकाला.

९ सप्टें., मंगळ.

एकटी गेले पुन्हा तिकडेच, सिद्धवटाच्या बाजूला, भैरवगढला. घरी सांगितलं धने आणायला जाते.

रफीकचं घर म्हणजे पुढे कारखाना, मागे चूल. दोरीवर चादरी वाळत होत्या, तो टेबलावर वाकून ठप्पे मारत होता, हात कोपरापर्यंत लाल. मला बघून ठप्पा हातातच राहिला, रंगाचा थेंब कापडावर पडला. त्याची अम्मी डागाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

मला फिरवून बोलता येत नाही. सरळ विचारलं. किताब में नंदू का नाम डलवाना है, तू क्या बोलता है?

आधी चार-पाच ठप्पे मारले त्याने. एकाला एक लावून, कुठे फट नाही. मग म्हणाला, "आंटी, क का नाम खुल गया तो ख को अंधा भी पहचान लेगा।"

अम्मी आतून म्हणाली, "दो बच्चियाँ हैं इसकी, बहनजी।"

दिसत होत्या मला. एक रंगाच्या बालदीत हात घालत होती, दुसरी तिला फ्रॉकला धरून मागे ओढत होती.

म्हटलं बरं. चहा आला, प्यायले. उठायचं तर उठवेना. मग कशाला कोण जाणे, त्याला आभाराच्या पानाचं सांगितलं. सर, निखिल, बिस्किट. बिस्किट कोण विचारलं त्याने. कुत्ता, म्हटलं. हसला. रफीकला हसताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि मला पण हसू आलं, खोटं कशाला लिहू.

"कुत्ते का है और भाई का नहीं?"

तेव्हा मला सुचलं. म्हटलं, त्या पानावर घातलं तर? थाणं नाही, गाव नाही, आडनाव नाही, काय झालं ते नाही. बस नाम. नंदकिशोर. उससे तेरा कुछ बिगड़ेगा?

विचार केला त्याने, हात पुसत पुसत. "नंदकिशोर तो उज्जैन में हर गली में दो मिलेंगे। लिखवा लो। बस मेरा मत लिखवाना, कुत्ते के नीचे भी नहीं।"

गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. तिथे थांबून म्हणाला, एक बात मैडम को बताई थी, आपको उन्होंने बोली कि नहीं, पता नहीं. "शुरू में वो डर नहीं रहा था आंटी। हमको बोल रहा था, सुबह मम्मी आएगी टिफिन ले के। देखना तुम, पहले मुंशी को डाँटेगी, फिर हम सबको।"

मे.ने नाही सांगितलं. पुस्तकात पण नाही. टिफिन म्हटलं की ओळख पटते ना.

धने राहिले.

१० सप्टें., बुध.

गेले होते मी त्या सकाळी. टिफिन घेऊनच. मेथीचे पराठे, लोणचं. थाण्यातला मुंशी म्हणाला, बैठो माताजी, साहब आ रहे हैं. बसले. बाकावर, टिफिन मांडीवर. सब्जीवाल्याला झापते, रिक्षावाल्याला झापते, पाणी उशिरा सोडणाऱ्याला झापते, सगळी गल्ली टरकून असते. तिथे शहाण्या बाईसारखी बसून राहिले. डबा गार होईपर्यंत.

आज आलू-मटर. बस.

१२ सप्टें., शुक्र.

पंचमी. हे पहाटे अंघोळ करून धोतर नेसून बसले. मी रोजच्यासारखे टिफिन भरले. कांदा-लसूण घालून भरले, म्हणजे त्यांना कळावं.

बराच वेळ बसले. मग उठून पँट घातली आणि बँकेत गेले. धोतर घडी करून खुर्चीवर ठेवलेलं होतं. मी कपाटात ठेवलं. वरच्या खणात, लागेल म्हणून.

१४ सप्टें., रवि.

सहीचा कागद काढला, राशन कार्डाबरोबर ठेवलेला. मे.ने तेव्हा मराठीत करून दिला होता, मला वाचता यावा म्हणून. चांगलीच आहे तशी पोरगी. बोट ठेवून वाचला. नाव गुप्त ठेवले जाईल. खरंच लिहिलंय, तुमचे व कुटुंबातील सर्वांचे. हे मी तेव्हा ऐकलंच नव्हतं. तेव्हा मी काय ऐकत होते कोण जाणे. त्याच्या खाली: आपण दिलेली माहिती आपण केव्हाही मागे घेऊ शकता, कारण सांगण्याची गरज नाही.

फोन लावला तिला. रफीककडे गेले होते ते सांगितलं. ओरडली, "वहिनी, तुम्ही तिथे गेलात? कोणी बघितलं तर?" म्हटलं चादर बघायला गेले होते असं सांगेन, तुझ्यापेक्षा मला खोटं बरं जमतं. मग पानाचं सांगितलं. नंदकिशोर, एवढंच.

मग तो प्रोफेसरचा आवाज. "कॉलेजच्या समितीला विचारावं लागेल. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांचं नाव पुस्तकात कुठेही..."

मी म्हटलं, नंदूने कुठे माहिती दिली तुला. तो मेलेला होता.

"वहिनी."

काय वहिनी. तुझ्या सायकलीची चेन कोण लावायचा? तुझ्या लग्नात कोण नाचून आजारी पडला? त्याचे आभार. पुस्तकाचे नसतील तर नसू देत.

"विचार करते" म्हणाली. नाक ओढत होती.

१६ सप्टें., मंगळ.

मे.चा मेसेज. ह्यांनी वाचून दाखवला. "वहिनी, थोडा वेळ द्या. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मी नक्की मांडते."

हिंदी पुस्तक छापायला जाणार ह्या महिन्यात. बैठक पुढच्या.

ह्यांना म्हटलं, बघा. प्रक्रिया में है.

त्या बाबूच्या तोंडून ऐकून मला सवय झालीय. हिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. तरी राग आला असता तर बरं झालं असतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले, एवढंच. भात लगदा.

१७ सप्टें., बुध.

सकाळी बँकेत जाताना हे दारात थांबले. चप्पल घालत, खाली बघून म्हणाले, "घरात काळे तीळ आहेत का?"

म्हटलं आहेत.

"जव?"

आणते.

"चौदसला लागतील", म्हणाले आणि गेले.

टिफिन उशिरा गेले आज.

आता मे.ला फोनवर बोलून पाठवायचं आहे. टाइप करायला बसले तर संध्याकाळ जाईल. आधी इथे लिहून घेते, म्हणजे बोलताना मधे शिव्या यायच्या नाहीत.

मेधा. शनिवारी चौदस आहे. सिद्धवटावर बसतोय आम्ही, तुझा दादा आणि मी. पंडितजी विचारतील कैसे गए, आणि दादा सांगणार आहे. मॅजिस्ट्रेट साहेबांना थांबायचं तेवढं थांबू दे. नाव पण सांगणार. पंडितजींना कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने.

आता तुझं. क ला तुझ्या धड्यात क राहू दे. मी त्यावर भांडत नाही, रफीकच्या पोरी बघून आलेय मी. त्या पहिल्या पानावर, हिंदीतल्या, सरांच्या खाली, निखिलच्या खाली, बिस्किटच्या वर, नंदकिशोर घाल. आत्या म्हणू नकोस. उज्जैन म्हणू नकोस. एक शब्द.

ते जमत नसेल तर माझं बोलणं काढ. सगळं. बाकावर बसले होते ते पण. कागदात आहे, केव्हाही, कारण न सांगता. तूच वाचून दाखवलं होतंस. बाकीच्या आयांचं राहू दे, ते माझं नाही. माझ्यामुळे तुझा धडा पडला तर पडला.

समितीचं सांगू नकोस. सरांना विचारते म्हणू नकोस. रेंज गेली म्हणू नकोस. चौदसला आलीस तर पाट आहे तुझा, नाही आलीस तरी डबा पाठवीन, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. पण हे मला चौदसच्या आधी कळलं पाहिजे. तिथे बसायच्या आधी. शुक्रवारी संध्याकाळचे टिफिन गेले की मी रिकामी असते. तोपर्यंत सांग. हो की नाही.